बिशपाचा अधिकार : गोवें व मुंबई येथील जुन्या कागदांच्या वाचनासाठीं कांहीं विवेचन

१

कोंकण, गोवें व मुंबई या प्रदेशांच्या इतिहासाचीं साधनें गोळा करणाऱ्यांच्या हातीं मराठी व फारशी कागदांबरोबर पोर्तुगीज कागदही येतात. आणि त्यांत बिशप, आर्चबिशप, व्हिकार, काबीदो हीं नांवें पदोपदीं आढळतात. मराठी कागदांतील देशमुख, सरसुभेदार, मुतालिक यांचे अधिकार काय, हें आमच्या संग्राहकांस पाठ असतें. मुतालिकानें केलेली सही कोणाच्या हक्कानें केलेली आहे, हें ते तत्काळ ओळखतात. परंतु बिशपाचें नांव आलें म्हणजे 'ख्रिस्ती लोकांचा मोठा पाद्री' एवढ्या अर्थावर समाधान मानून पुढें जाण्याची वहिवाट पडली आहे.

या वहिवाटीनें हानि होते ती अशी. एकाच काळीं, एकाच बेटांतील ख्रिस्ती वस्तीला उद्देशून दोन निरनिराळ्या धर्माधिकाऱ्यांचे परस्परविरुद्ध हुकूम सांपडले, म्हणजे त्यांपैकीं एक बनावट असला पाहिजे असा तर्क सहजच बांधला जातो. वस्तुतः दोन्ही कागद अस्सल असूं शकतात, आणि त्यांतील विरोध हाच त्या काळचा इतिहास असतो. तसेंच, ज्याच्या नांवापुढें कोणा दूरच्या, उजाड झालेल्या नगराचें बिशपपद लाविलें आहे असा पुरुष डिचोलीस राहून कारभार करतांना दिसला, म्हणजे वाचक गोंधळतो. हे गोंधळ निवारण्यास बिशप या पदाचा अधिकार कोणत्या अंगांनीं घडलेला आहे, हें एकवार समजून घेणें अवश्य आहे. तेवढेंच विवेचन येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे. धर्ममतांच्या सत्यासत्यतेचा विचार आमच्या कक्षेबाहेरचा आहे.

२

'बिशप' हा शब्द इंग्रजीच्या द्वारें आपल्याकडे आला. गोव्याकडील 'बिस्प' हा पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश. दोहोंचें मूळ ग्रीक 'एपिस्कोपोस्' हें आहे. यांतील 'एपि' म्हणजे वर, आणि 'स्कोपोस्' म्हणजे पाहणारा. ग्रीकांतील हा 'स्कोप्' आणि ज्यापासून 'स्पश' म्हणजे हेर हा शब्द झाला तो संस्कृतांतील 'स्पश्' हे एकाच मूळ धातूपासून निघाले असून ग्रीकांत वर्णव्यत्यय झाला आहे, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'पश्यति' हें आपलें नित्याचें रूपही त्याच कुळांतलें. अर्थाच्या दृष्टीनें पाहतां 'अध्यक्ष' हा शब्द एपिस्कोपोसच्या अत्यंत निकट येतो. कौटिल्यानें पण्याध्यक्ष, सीताध्यक्ष इत्यादि जे अधिकारी सांगितले आहेत, त्यांतील अध्यक्ष म्हणजे देखरेख करणारा. ख्रिस्ती धर्माच्या आरंभींही एपिस्कोपोस् म्हणजे मंडळीवर देखरेख ठेवणारा, एवढाच अर्थ होता. 'प्रेस्बितेरोस्' म्हणजे वडील मनुष्य, या दुसऱ्या पदाशीं तो बऱ्याच अंशीं समानार्थक असे. नव्या करारांत कांहीं ठिकाणीं त्याच त्या माणसांना दोन्ही नांवें लाविलेलीं दिसतात.

पुढें दोन पदें विभक्त झालीं. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं अंत्युखियाचा बिशप इग्नातियुस यास देहदंडासाठीं रोमकडे नेत असतां, त्यानें वाटेवरील मंडळ्यांना पत्रें लिहिलीं. मंडळीचा बिशप एक असावा, व त्याच्या संमतीवांचून धर्मकृत्य करूं नये, असा त्यांत आग्रह आहे. इ. स. १८० च्या सुमारास लियाँचा बिशप इरेनियुस यानें, खरें मत कोणतें हें ओळखण्याची खूण म्हणून बिशपांची परंपरा पुढें केली, आणि रोमच्या बिशपांची नामावळी प्रेषितांपासून आपल्या काळापर्यंत लावून दाखविली. आमच्याकडील मठांत गुरुपरंपरा जें काम करते तेंच काम येथें बिशपपरंपरा करूं लागली. इ. स. ३२५ मध्यें नीसियाच्या धर्मपरिषदेनें नियम घातला कीं, नवा बिशप प्रांतांतील सर्व बिशपांनीं मिळून करावा. तें न साधल्यास निदान तिघांनीं एकत्र येऊन करावा, इतरांनीं लेखी संमति द्यावी, आणि प्रांताच्या मुख्य बिशपानें तें कायम करावें. हा मुख्य बिशप म्हणजेच पुढील काळाचा आर्चबिशप.

३

आतां मुख्य विषयाकडे वळूं. बिशपाच्या अधिकाराचीं तीन अंगें आहेत, आणि तीं तीन निरनिराळ्या ठिकाणांहून येतात. सोयीसाठीं आम्ही त्यांस दीक्षाधिकार, शासनाधिकार व नियोजनाधिकार अशीं नांवें देतों.

दीक्षाधिकार म्हणजे मस्तकावर हात ठेवून झालेल्या संस्कारानें प्राप्त होणारें सामर्थ्य. यायोगें बिशप दुसऱ्यास पाद्री करूं शकतो, व दुसऱ्या बिशपासही दीक्षा देऊं शकतो. हा अधिकार एकदां मिळाला म्हणजे काढून घेतां येत नाहीं. उपनयन झालेल्याचें उपनयन जसें मागें घेतां येत नाहीं तसें हें आहे.

शासनाधिकार म्हणजे एका नेमक्या प्रदेशावर व तेथील लोकांवर चालणारी सत्ता. गांवोगांवचे पाद्री नेमणें, चर्चांची तपासणी करणें, विवाहांतील निषेध शिथिल करणें, दोषी मनुष्यास बहिष्कृत करणें, हीं कामें या अधिकारानें होतात. हा वरिष्ठाकडून मिळतो, मर्यादित असतो, व काढूनही घेतां येतो. ज्यास दीक्षा आहे पण प्रदेश नाहीं असा बिशप असूं शकतो. आणि उलट पीठ रिकामें असतां दीक्षाधिकार नसलेले लोक शासन चालवीत असतात.

नियोजनाधिकार म्हणजे बिशप कोणी निवडावा हा हक्क. युरोपांतील राजे व पोप यांच्यामधील दीर्घ कलह मुख्यतः याच हक्कासाठीं झाला. १०७७ मध्यें जर्मनीचा राजा चौथा हेन्री हा कानोसाच्या किल्ल्याच्या दारांत सातव्या ग्रेगरी पोपाची क्षमा मागत उभा राहिला, तो याच कलहांतील प्रसंग होय. ११२२ मध्यें वर्म्स येथें तडजोड झाली. आंगठी व दंड हीं धर्मचिन्हें बादशहानें देऊं नयेत; जमीनजुमल्याचा अधिकार मात्र राजदंडाच्या स्पर्शानें त्यानें द्यावा, असें ठरलें. एकाच माणसाच्या अंगीं दोन धन्यांकडून आलेले दोन अधिकार राहतात, हें तेव्हांपासून लेखी मान्य झालें.

हा केवळ मोठ्यांचा मानापमान नव्हता. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें (१५४५ ते १५६३) बिशपानें आपल्या प्रांतांत राहावें, तपासणी करावी, पाद्री तयार करण्याच्या शाळा काढाव्या असे नियम केले; आणि १५६३ मध्यें असेंही ठरविलें कीं, विवाह हा त्या गांवच्या अधिकृत पाद्र्यासमोर, अथवा त्याच्या परवानगीनें दुसऱ्या पाद्र्यासमोर, साक्षीदारांसह झाला पाहिजे; एरव्हीं, जेथें हा नियम जाहीर झाला आहे तेथें, तो विवाह विवाहच नव्हे. तेव्हां अमुक गांवावर शासनाधिकार कोणत्या बिशपाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या गांवांतील साध्या कुळंब्याचें लग्न खरें कीं खोटें, हें अवलंबून राहूं लागलें. पुढील सर्व भांडणांत सामान्य ख्रिस्ती रयत एवढी कां चळवळली, याचें मर्म येथें आहे.

४

पोर्तुगालच्या राजास पोपांकडून मिळालेल्या हक्कास 'पाद्रोआदो' म्हणतात. त्याचें स्वरूप आमच्या वाचकांस वतनाच्या उपमेनें चटकन् कळेल. वतन म्हणजे हक्क, आणि हक्काबरोबर चाकरी. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून निघालेल्या पोपांच्या आज्ञापत्रांनीं, नव्यानें सांपडलेल्या प्रदेशांत चर्चें बांधणें, पाद्री पाठविणें व त्यांचा योगक्षेम चालविणें, ही चाकरी राजाकडे आली. आणि तीबद्दल तेथील बिशपपदांसाठीं माणूस सुचविण्याचा हक्क त्यास मिळाला. वतनदारांत नेहमीं होतो तोच वाद पुढें येथेंही झाला : चाकरी बुडाली तरी हक्क राहतो काय?

गोवें १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं घेतलें. आरंभीं तें माडेरा बेटांतील फुंशालच्या बिशपाखालीं होतें. १५३४ च्या आज्ञापत्रानें गोव्याचें स्वतंत्र पीठ झालें, आणि त्याचा विस्तार आफ्रिकेच्या दक्षिण टोंकापासून चीनपर्यंत धरला गेला. येथें येऊन राहिलेला पहिला बिशप जुआंव द आल्बुकेर्क हा १५३८ मध्यें आला. पुढें गोव्याच्या पीठास आर्चबिशपाचें पद मिळून कोची व मलाका हीं पीठें त्याच्या हाताखालीं आलीं. या आज्ञापत्राचें साल कोठें १५५७ तर कोठें १५५८ दिलेलें आढळतें. त्याचें कारण असें कीं, त्या काळच्या आज्ञापत्रांत वर्षारंभ २५ मार्चपासून धरीत. ४ फेब्रुवारीचा कागद त्यामुळें जुन्या गणनेनें १५५७ चा व आजच्या गणनेनें १५५८ चा होतो. शक व सन यांचा मेळ बसविणाऱ्या आमच्या संग्राहकांस हें नवें नाहीं. परंतु पोर्तुगीज कागदांसंबंधीं ते ही सावधगिरी क्वचितच घेतात. पहिला आर्चबिशप गास्पार द लियांव हा १५६० मध्यें गोव्यास पोंचला.

आर्चबिशपाचा हात किती लांब पोंचत असे, याचीं तीन उदाहरणें देतों. १५६७ मध्यें गोव्यास पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. तिनें हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचरणाविरुद्ध ठराव केले; आणि व्हिसेरेईनें त्याच वर्षीं हुकूम काढून ते अंमलांत आणले. धर्मपीठानें ठरवावें व राजसत्तेनें बजावावें, ही साखळी या कागदांत स्पष्ट दिसते. दुसरें उदाहरण १५९९ चें. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यानें केरळांतील उदयंपेरूर येथें परिषद भरवून, ज्यांचे बिशप परंपरेनें मेसापोटेमियाकडून येत असत त्या प्राचीन सुरियानी ख्रिस्त्यांना आपल्या शासनाखालीं आणलें. त्याची प्रतिक्रिया १६५३ मध्यें मट्टांचेरी येथील शपथेनें झाली, व तो समाज दुभंगला तो कायमचाच. तिसरें उदाहरण भाषेचें आहे. १७४५ मध्यें आर्चबिशप लोरेंसु द सांत मारीय यानें पोर्तुगीज भाषेचें ज्ञान असल्यावांचून विवाहास परवानगी मिळूं नये अशा आशयाची आज्ञा काढली. १६१६ मध्यें रायतूर येथें फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' मराठींत छापून निघालें, तेंही याच पीठाच्या प्रदेशांत. एका पीठाच्या सव्वाशें वर्षांच्या धोरणांत केवढें अंतर पडलें, हें या दोन सालांवरून कळतें. आणि 'चर्चचें धोरण' असा एकवचनी शब्द वापरण्यापूर्वीं कोणता बिशप, कोणतें साल, हें विचारणें कां अवश्य आहे, हेंही.

येथेंच एक भेद सांगून ठेवणें जरूर आहे. इन्क्विझिशन हें आर्चबिशपाचें न्यायालय नव्हे. गोव्यांत तें १५६० मध्यें स्थापन झालें, १७७४ ते १७७८ हा खंड सोडतां १८१२ पर्यंत चाललें, आणि तें लिस्बनच्या मुख्य इन्क्विझिटराच्या ताब्यांत होतें. दोन्ही दप्तरें निरनिराळीं, दोन्ही हुकूम निरनिराळे. इन्क्विझिशनचा कागद 'आर्चबिशपाचा हुकूम' म्हणून नोंदणें म्हणजे पंतप्रतिनिधीचा कागद पेशव्याच्या नांवावर नोंदण्यासारखें आहे.

५

सतराव्या शतकांत वतनदाराची चाकरी ढिली पडली. पोर्तुगाल १५८० पासून स्पेनच्या राजाकडे होतें. १६४० मध्यें तें स्वतंत्र झालें, परंतु स्पेनच्या दडपणामुळें नव्या राजानें सुचविलेल्या बिशपांस पोप मान्यता देईना. १६६८ मध्यें दोन राज्यांत तह होईपर्यंत ही अडचण टिकली. गोव्याचा आर्चबिशप १६५२ मध्यें वारल्यावर वीस वर्षांच्या आसपास तेथें आर्चबिशप नव्हता. अशा वेळीं मुख्य चर्चच्या मानकऱ्यांचें मंडळ, ज्यास काबीदो म्हणतात, तें शासन चालवितें. या अवधींतील कागदावर काबीदोचें नांव असल्यास तो अपुरा किंवा संशयास्पद मानण्याचें कारण नाहीं. उलट त्या अवधींतील कागदावर आर्चबिशपाची सही असेल तरच संशय घ्यावा.

इकडे रोममध्यें १६२२ सालीं पंधराव्या ग्रेगरी पोपानें 'प्रोपागांदा फीदे' नांवाची समिति स्थापिली. धर्मप्रसाराचें काम राजांच्या हातून काढून स्वतःच्या नजरेखालीं आणावें, असा तिचा रोख होता. परंतु राजाचें वतन तर मोडतां येईना. नवें पीठ काढावें तर माणूस सुचविण्याचा हक्क राजाचा. यावर युक्ति काढली ती अशी. प्राचीन काळीं नांदत असलेल्या, पण पुढें ख्रिस्ती वस्ती नष्ट झालेल्या एखाद्या नगराचें बिशपपद मनुष्यास द्यावें. यानें त्यास दीक्षाधिकार पूर्ण मिळतो. मग त्यास पोपाचा प्रतिनिधि, म्हणजे 'व्हिकार आपोस्तोलिक', करून हव्या त्या प्रदेशांत पाठवावें. त्याचा शासनाधिकार हा पीठाचा नव्हे, पोपाकडून उसना आणलेला. पीठच नवें निर्माण केलें नाहीं, म्हणून राजाच्या हक्कास बाध आला नाहीं, असें म्हणावयास जागा राहिली.

हिंदुस्थानांत ही युक्ति प्रथम ज्याच्या द्वारें अंमलांत आली तो पुरुष गोव्याचाच होता. मातेउश द काश्त्रू हा दिवाडी बेटांतील ब्राह्मण कुळांत इ. स. १५९४ च्या सुमारास जन्मला. गोव्याच्या धर्मपीठाकडून त्यास पाद्र्याची दीक्षा मिळाली नाहीं. एतद्देशीयांस ती देण्याची पीठाची इच्छा नव्हती. तो खुष्कीच्या मार्गानें निघून १६२५ मध्यें रोमला पोंचला, तेथें शिकला, दीक्षा घेतली, आणि प्रोपागांदाचा प्रेषित म्हणून १६३३ मध्यें परत आला. गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्याचीं अधिकारपत्रें मानलीं नाहींत. तो पुनः रोमला गेला. १६३७ मध्यें त्यास क्रिसोपोलिस या नामशेष पीठाचा बिशप करण्यांत आलें, व विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठीं व्हिकार नेमण्यांत आलें. पोर्तुगीज कागदांत या मुलखास 'इदालकांव' म्हणतात. आदिलखान या शब्दाचें तें रूप होय.

परत आल्यावर त्यानें गोव्याच्या सरहद्दीस लागून असलेल्या, पण त्या काळीं आदिलशाहींत मोडणाऱ्या डिचोलीस ठाणें केलें. स्थान मोठें मार्मिक होतें. पोर्तुगीज हद्दीच्या बाहेर असल्यानें राजाचा हात तेथें पोंचत नव्हता, आणि गोव्याची ख्रिस्ती वस्ती हाकेच्या अंतरावर होती. ज्या ब्राह्मण तरुणांस गोव्यांत दीक्षा मिळत नव्हती त्यांस त्यानें ती दिली. गोव्याच्या पक्षानें त्या दीक्षांवर आक्षेप घेतला. आमच्या वर सांगितलेल्या विभागाप्रमाणें पाहतां वादाचें स्वरूप स्वच्छ दिसतें : काश्त्रूस दीक्षाधिकार होता, यांत शंका नव्हती, दुसऱ्याच्या प्रदेशांतील माणसांस दीक्षा देण्याचा शासनाधिकार त्यास होता कीं नाहीं, हा प्रश्न होता. १६५३ मध्यें त्यानें गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांस उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नांवाचें एक लिखाण पाठविलें. त्यांत पोर्तुगीजांकडून होणाऱ्या अवहेलनेविषयीं कडक शब्द होते. विजापूरकर व डच यांस त्यानें गोव्यावर उठविलें, असा आरोप पोर्तुगीजांनीं त्याजवर ठेविला. अखेर १६५८ च्या सुमारास त्यानें देश सोडला, व रोममध्येंच १६७७ मध्यें त्याचा अंत झाला.

या पुरुषाविषयीं पोर्तुगीज कागद द्रोही म्हणतात, आणि रोमचे कागद बिशप म्हणतात. एकाच माणसाला लाविलेलीं हीं दोन नांवें दोन दप्तरांचीं आहेत, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे त्याचें चरित्र लिहिणाराचें अर्धें काम झालें. त्याच्या मागून कुश्तोदियु द पिन्यु हा गोव्याचाच गृहस्थ विजापूर प्रांताचा व्हिकार झाला. आणि कानडा प्रांतांत काश्त्रूचाच नातलग तोमास द काश्त्रू हा व्हिकार असतां, १६८१ मध्यें गोव्याकडून तेथें गेलेल्या जोझे वाझ यांस हाच दुहेरी शासनाचा वाद निस्तरावा लागला.

६

मुंबई बेट इंग्रजांकडे आल्यावरही तेथील चर्चें फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे व गोव्याच्या आर्चबिशपाच्या शासनाखालीं राहिलीं. परक्या राज्याच्या निष्ठेचे हे पाद्री कंपनीस खुपत असत. १७२० मध्यें मुंबई सरकारनें त्यांस काढून लाविलें, आणि 'थोर मोगल' प्रांताचा व्हिकार जो कार्मेलाइट पंथाचा बिशप, त्यास बोलावून चर्चें त्याच्या हवालीं केलीं. येथें एका प्रॉटेस्टंट व्यापारी कंपनीनें कॅथॉलिक लोकांचा शासक बदलला. नियोजनाधिकार ज्याचा म्हणून कोणत्याच शास्त्रांत सांगितलेला नाहीं, त्यानें तो प्रत्यक्षांत वापरला.

साष्टी व वसई यांचा इतिहास याच्या उलट आहे. १७३९ मध्यें हा मुलूख मराठ्यांनीं जिंकला, व युरोपीय पाद्री निघून गेले; परंतु राहिलेल्या ख्रिस्ती वस्तीवरील गोव्याच्या आर्चबिशपाचें शासन त्यामुळें संपलें नाहीं. एतद्देशीय पाद्र्यांच्या द्वारें तें पेशवाईंत चाललें, आणि १७७४ मध्यें साष्टी इंग्रजांनीं घेतल्यावरही चाललें. राज्याची सीमा आणि पीठाची सीमा या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा हा उत्तम दाखला होय.

मुंबईंतील लोकांपैकीं बऱ्याच जणांस गोव्याचें शासन हवें होतें. ओढाताण होऊन १७९४ मध्यें बेटांतील चर्चांची वांटणी झाली. कांहीं गोव्याकडे, कांहीं व्हिकाराकडे. तेव्हांपासून मुंबईंत दुहेरी शासन सुरू झालें. एकाच रस्त्यावरील दोन घरांचीं लग्नें दोन बिशपांच्या अधिकाराखालीं लागूं लागलीं. १८३८ मध्यें सोळाव्या ग्रेगरी पोपानें आज्ञापत्र काढून कोची, क्रांगानोर व मैलापूर या पीठांचें शासन व्हिकारांस दिलें, तेव्हां पाद्रोआदोच्या पक्षानें तें मानलें नाहीं. पोर्तुगालच्या राजाची संमति नसलेली आज्ञा लागू होत नाहीं, असें त्याचें म्हणणें.

हा वाद १८५३ मध्यें माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्यें हातघाईवर आला. तेथील लोकांतील मोठा पक्ष गोव्याकडे जाऊं पाहत होता. मुंबईचें शासन पाहणारा कापुचिन पंथाचा बिशप हार्टमन यानें आपल्या अनुयायांसह चर्चमध्यें ठाण मांडून दारें बंद केलीं, आणि बाहेर विरुद्ध पक्षानें वेढा दिला. अखेर सरकारी अधिकारी मध्यें पडले, व चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेलें. त्याच वर्षीं मकावचा बिशप मुंबईस येऊन पाद्रोआदोच्या चर्चांत बिशपाचीं धर्मकृत्यें करूं लागला, तेव्हां नवव्या पायस पोपानें त्याचा निषेध केला. दीक्षाधिकार पूर्ण, प्रदेश दुसऱ्याचा. दोनशें वर्षांपूर्वीं डिचोलीस जो आक्षेप गोव्याच्या पक्षानें काश्त्रूवर घेतला होता, तोच आतां रोमनें गोव्याच्या पक्षावर घेतला.

१८८६ मध्यें पोप व पोर्तुगाल यांच्यांत करार झाला. मुंबईस स्वतंत्र आर्चबिशपाचें पीठ झालें. पुण्याचेंही पीठ त्याच वर्षाचें. गोव्याच्या आर्चबिशपास 'पूर्वेकडील इंडीजचा पात्रिआर्क' ही मानाची पदवी मिळाली, ती अजूनही चालू आहे. दमणचें नवें पीठ होऊन मुंबईंतील गोव्याकडील चर्चें त्याखालीं गेलीं. म्हणजे दुहेरी शासन नांव बदलून राहिलेंच. १९२८ च्या करारानें तें संपलें, व मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश असावा असें ठरलें. १९५० मध्यें पोर्तुगालनें स्वतंत्र भारतांतील पीठांवरील हक्क सोडला. त्याच वर्षीं व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, आणि १९५३ मध्यें ते कार्डिनल झाले. दिवाडीच्या ब्राह्मणास गोव्यांत दीक्षा नाकारल्यापासून येथपर्यंत तीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला.

७

वरील विवेचनावरून संग्राहकांस उपयोगी अशा चार कसोट्या निघतात.

पहिली. कागदावरील बिशपाचें पीठ कोणतें तें पाहावें. तें नामशेष नगराचें असल्यास तो मनुष्य बहुधा प्रोपागांदाकडील व्हिकार असतो. त्याचा खरा प्रदेश पदवीच्या दुसऱ्या भागांत सांपडतो.

दुसरी. कागदाच्या तारखेस तें पीठ भरलेलें होतें कीं रिक्त, हें ताडून पाहावें. रिक्त असल्यास काबीदोची सही अपेक्षित आहे. जानेवारी ते मार्च या महिन्यांच्या जुन्या आज्ञापत्रांत वर्षारंभाचा फरक धरावा.

तिसरी. कागद दीक्षेसंबंधीं आहे कीं शासनासंबंधीं, हें ठरवावें. दीक्षेचा कागद परप्रांतीय बिशपाचा असूं शकतो. चर्चच्या तपासणीचा किंवा विवाहपरवान्याचा कागद तसा असल्यास तेथें शासनाचा वाद चालू होता असें समजावें.

चवथी. मुंबई बेटाचा १७९४ ते १९२८ या अवधींतील कागद असेल तर चर्चचें नांव टिपल्यावांचून तो नोंदूं नये. कारण केवळ 'मुंबईचा बिशप' या शब्दांनीं कोणत्या शासनाचा बोध होतो, हें निश्चित होत नाहीं; आणि त्याच्या जोडीचे कागद कोणत्या दप्तरांत शोधावे, हें त्यावरच अवलंबून आहे.

जुन्या ख्रिस्ती घरांतून बाप्तिस्म्याचे उतारे, लग्नाचे परवाने, दंडाच्या पावत्या असे किरकोळ कागद अजून सांपडतात. त्यांवर राजे किंवा लढाया यांचीं नांवें नसल्यामुळें ते रद्दींत जातात. परंतु अमुक साली अमुक गांवानें कोणत्या बिशपास आपला मानला, याचा पुरावा राजपत्रांत मिळत नाहीं. तो अशाच चिटोऱ्यांत असतो. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं चर्च, साल, सही करणाराची संपूर्ण पदवी व शिक्का या चार बाबींसह त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंती आहे.